टिटवीचं रिंगण

पवनीवरून वळून सिल्लारीला पोचलो तेव्हा
गेटावरच्या टपरीत चहाचं पातेलं नुकतंच चढत होतं.
जिप्सीत एक सीट रिकामी, म्हणून मलाही बसवलं,
नाहीतर आम्ही डायव्हर लोक बाहेरच झोपतो
तोंडावर पेपर घेऊन.
पाव्हणे ठाण्याचे, पेंढरकर.
मांडीवर लेन्स, आजारी लेकरू धरावं तशी.

गाईड समोती इनवाते. खाकी शर्ट, नाकात चमकी.
बोलायची ती झाडाकडं बघून, माणसाकडं नाही.
"ही कुलू. उन्हाळ्यात अंगावरचं सगळं उतरवून उभी राहते.
चांदण्यात पाहाल तर गाडी सोडून पळाल."
पांढरीफट्ट साल, मधेच गुलाबी,
जखमेवर नवी कातडी येते ना, तसली.
पेंढरकर म्हणाले, वाघ कुठल्या बाजूला असतो?

पुढं मोहाच्या खोडावर पाच रेघा.
"अस्वल चढलं होतं. मागल्या साली. आता भरत आलं."
बांबूत भृंगराज बसला होता,
आधी शिक्र्याचा आवाज काढला, मग कुणाच्या पिलाचा,
मग स्वतःचा कोणता ते विसरल्यासारखा गप्प झाला.
मी हसलो. मागून घड्याळ बघितल्याचा आवाज आला.
घड्याळ बघण्याला आवाज नसतो, माहीत आहे मला.
पण आला.

एकदा सांबर ओरडलं.
चारी रस्त्यांनी गाड्या धावल्या, धूळ, मग इंजिनं बंद,
वीस माणसं एका झुडपाकडं बघत राहिली.
झुडूप हललं.
वारा होता.

परतताना बोलेरोत कुणी बोललं नाही.
समोतीला फेटरीला बहिणीकडं जायचं होतं,
पुढच्या सीटवर बसली, पायाशी मोहफुलांची पिशवी,
गाडीभर तो गोड, जडसर वास.
काटोल रोडला लागलो, अन् जुनापाणीशी ती म्हणाली,
"थांबवता का, भाऊ? पाच मिनिटं."

माळ. वैशाखाचं ऊन.
गवत वाळून काडी काडी झालेलं, अन् त्यात दगड,
काळे, गोल मांडलेले, एक रिंगण, पलीकडं दुसरं, अजून एक.
कुठल्या दगडावर बोटाच्या पेराएवढे खड्डे, रांगेत,
कुणी मोजत होतं
अन् मोजता मोजता उठून गेलं.
"कुणाचे हो हे?" पेंढरकरांच्या मिसेसनी विचारलं.
"ज्यांचे आहेत ते खालीच आहेत," समोती म्हणाली.
"घोडाही आहे म्हणतात सोबत. शिंगरू होतं का मोठा, काय माहीत."
तीन हजार वर्षं, असं त्यांच्या फोनात निघालं.

पेंढरकर लेन्स काढून रिंगणात शिरले.
डोक्यावर टिटवी पेटली एकदम,
खाली झेपावते, वर जाते, पुन्हा खाली, शिव्याच शिव्या.
"पाय!"
समोती इतक्या जोरात ओरडली की मीही थिजलो.
"हलू नका. ठेवू नका."

एका पायावर उभे राहिले पेंढरकर
तळ्यातल्या बगळ्यासारखे, लेन्स छातीशी धरून.
बुटाखाली वीतभर अंतरावर चार खडे.
खडे नव्हते.
मातकट, काळे ठिपके, टोकं आत वळवून ठेवलेली चार अंडी.
घरटं म्हणून काही नाही, एक काडी नाही,
नुसता त्या दगडांचा भरवसा.

किती वेळ गेला सांगता येत नाही.
समोतीनं दंड धरून त्यांना मागं घेतलं,
आलेल्याच पावलांवर, उलटं.
फोटो काढला नाही त्यांनी. लेन्सचं झाकण शोधत राहिले,
ते हातातच होतं.

फेटरीला ती उतरली, मूठभर मोहफुलं डॅशबोर्डवर ठेवून गेली.
एअरपोर्टच्या वाटेवर मागं फोन वाजला.
"नाही," पेंढरकर म्हणाले, "वाघ नाही."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "अरे, माझा पाय..."
अन् पुढं त्यांना जमेना सांगायला.

रात्री माझ्या वहीत लिहिलं, रोज लिहितो तसं.
किलोमीटर, डिझेल, टोल.
वाघाच्या खान्यात फुली.
त्याच्या बाजूला जागा उरली होती थोडी, तिथं:
टिटवी. चार. अजून फुटायची आहेत.